डिस्टेंपर (कुत्र्यांचा व्हायरसने होणारा रोग) झालेलं पिल्लू घेऊन गेलो होतो, त्याचा अनुभव (4 स्टार)

आधीच सांगते रिव्ह्यू मोठा आहे कारण मी स्वतः रात्री दोन वाजता "कुत्रा डिस्टेंपर वाचतो का" असं शोधत बसले होते आणि एकानेही नीट काही लिहिलेलं नव्हतं.

आमची चिंगी म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधली गावठी पिल्लू. दुसऱ्या एका ठिकाणी तिला दोन महिन्यांची असताना सेव्हन इन वनचा (डिस्टेंपर धरून अनेक रोगांची एकत्र लस) पहिला डोस दिला होता, दुसरा तीन आठवड्यांनी होता पण मध्ये गणपती आले, आम्ही गावी गेलो आणि राहून गेलं. चूक आमचीच. परत आलो तर नाक गळतंय, डोळ्याला पिवळी चिपडं, खाणं बंद. तिथे दाखवलं तर सर्दी आहे म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. चौथ्या दिवशी मागच्या डाव्या पायाला झटके सुरू झाले, झोपेतसुद्धा, म्हणजे गळ्यातला बिल्ला फरशीवर टिक टिक टिक वाजत राहायचा आणि आम्ही सगळे जागे.

मग कोणीतरी ह्या क्लिनिकचं नाव सांगितलं. फोनवर लक्षणं ऐकल्या ऐकल्या डॉक्टर म्हणाले आत आणू नका, रिक्षातच थांबा मी बाहेर येतो. मला आधी राग आला खरं सांगते, पण आत दोन छोटी पिल्लं लसीसाठी आली होती आणि हा रोग शिंकेतून, नाकाच्या पाण्यातून पसरतो, त्यामुळे बरोबरच होतं त्यांचं. रिक्षातच डोळ्याच्या आतून कापसाच्या काडीने स्वॅब घेतला, कोरोनाच्या किटसारखीच पट्टी असते, दहा मिनिटांत दोन रेघा, म्हणजे डिस्टेंपरच. पायाचे तळवे दाबून दाखवले, एवढ्याशा पिल्लाचे तळवे टाचेसारखे कडक झालेले, आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला आवडलं ते हे की त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. सरळ म्हणाले, ताई, ह्या व्हायरसला मारणारं औषध नाहीये, सलाईन, उलटीचं, फिटचं औषध आणि दुसरं इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, एवढंच आपल्या हातात, मेंदूपर्यंत गेलंय त्यामुळे वाचेल की नाही आत्ता सांगता येणार नाही. शेजारच्या काकूंनी एक "खात्रीचं" औषध सुचवलं होतं ते विचारलं तर हसले पण नाहीत, नको म्हणाले बस. टेस्टचे 1200 आणि सलाईनचे दर वेळी 700, सगळ्याची पावती. नऊ दिवस रोज मागच्या दाराने न्यायचो, तिथे एक वेगळं टेबल ठेवलंय फक्त अशा केसेससाठी. असिस्टंट दादा कोमट पाण्याने तिचे चिकटलेले डोळे सोडवायचे, अर्धा अर्धा तास, अजिबात घाई नाही.

एक डोस घेऊनही कसं झालं हे विचारलं तर नीट समजावलं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर लस नीट लागत नाही, आणि ती कधी संपेल ते प्रत्येकाचं वेगळं, म्हणून दीड-दोन महिन्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यायचे ते चार महिन्यांचं होईपर्यंत. एकच डोस देऊन झालं आमचं असं होत नाही. आणि रेबीजचं इंजेक्शन वेगळं, त्याने डिस्टेंपर थांबत नाही, हे मलाही माहीत नव्हतं.

आत भिंतीवर गीरच्या सिंहाचा फोटो आहे, माझ्या मुलाने विचारलं कुत्र्याच्या दवाखान्यात सिंह कशाला? तर डॉक्टर म्हणाले, 2018 च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या दलखाणिया भागात तीनेक आठवड्यांत 23 सिंह गेले, काही गोचिडीच्या तापाने पण काहींमध्ये हाच व्हायरस निघाला, आणि तो ओळखला आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था). मग अमेरिकेतून लस मागवली. त्याआधी 1994 मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीत हजारएक सिंह गेलेत, तिथल्या एकूण सिंहांपैकी जवळजवळ एक तृतीयांश, संशय आजूबाजूच्या गावातल्या कुत्र्यांवर. गोवराच्या व्हायरसचा भाऊबंद आहे म्हणे, पण माणसाला होत नाही. सासवड-इंदापूरकडच्या माळावर कुत्रं मोकळं सोडायला नेणाऱ्यांना ते लसीचं कार्ड विचारतातच, तिकडे लांडगे आहेत, त्यांनाही हा रोग लागू शकतो. मुलगा आता सगळ्या मित्रांना हे सांगत फिरतो.

चिंगी वाचली. पाय अजून उडतो, तो बहुतेक कायमचाच उडणार, आणि नवीन आलेल्या दातांवर तपकिरी खड्डे आहेत, पिल्लूपणी हा रोग झाला की दाताचं वरचं आवरण नीट बनत नाही म्हणे. पण खाते, भांडते, चपला पळवते. घरातल्या मोठ्या कुत्र्याचं, बंड्याचं लसीकरण वेळच्या वेळी होतं, एकाच हॉलमध्ये राहून त्याला काही झालं नाही. तरी चिंगीला बाहेरच्या कुत्र्यांपासून तीन महिने लांब ठेवायला लावलं, बरं वाटलं तरी व्हायरस बाहेर पडत राहू शकतो म्हणून.

आता एक स्टार कशाला कापला. फोन. सकाळी दहाच्या आधी कोणी उचलत नाही, आणि फिट येतेय पिल्लाला आणि तुम्ही रिंगटोन ऐकत बसलाय ही भावना फार वाईट आहे, रात्रीचा दुसरा नंबर तरी दारावर लावा. पार्किंग पण नाहीये, रिक्षानेच जा. लस घ्यायला जाणाऱ्यांनी शनिवार संध्याकाळ टाळा, दोन तास जातात. लस फ्रीजमधून तुमच्यासमोर काढतात, पावडर आणि पाणी तिथेच मिसळतात, बाटलीचं स्टिकर कार्डावर चिकटवतात, तारीख तेवढी स्वतः वाचून घ्या. आणि लक्षणं असतील तर आत घुसू नका, बाहेरूनच हाक मारा.