ओढ्यासाठी आधी काय करावे : झाडे, ओंडके की बीव्हरच्या धर्तीचे बांध?

अमेरिकेतील ओरेगॉन किंवा वॉशिंग्टन राज्यात ज्यांच्या जमिनीतून एखादा लहान ओढा वाहतो आणि त्या ओढ्यात सॅमन व स्टीलहेड हे मासे पुन्हा वाढावेत अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांना साधारणपणे तीन मार्ग सुचवले जातात : काठाला कुंपण घालून झाडे लावणे, पात्रात मोठे ओंडके बसवणे आणि बीव्हर (झाडे कुरतडून ओढ्यात बांध घालणारा प्राणी) बांधतो तसे लाकडी बांध हाताने घालणे. तिन्ही कामे एकाच वर्षी करण्याइतका पैसा आणि मनुष्यबळ सहसा कोणाकडेच नसते, त्यामुळे निवड करणे भाग पडते. माझ्या मते ही निवड खर्चावरून किंवा शेजाऱ्याने काय केले त्यावरून न करता, ओढ्याचे पात्र आजूबाजूच्या जमिनीपासून किती खोल गेले आहे हे पाहून करावी.

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट मासा. त्याची पिल्ले समुद्राकडे निघण्यापूर्वी बहुधा एक ते तीन वर्षे गोड्या पाण्यातच काढतात. चम सॅमनची पिल्ले मात्र खडीतून वर आल्यावर थोड्याच काळात खाली निघून जातात. म्हणून चमला अंडी घालण्याजोगी स्वच्छ खडी मिळाली तरी बरेच साधते, पण स्टीलहेडला उन्हाळ्यातले थंड पाणी आणि पुराच्या दिवसांत आसरा घेण्याजोगी संथ जागा अशा दोन्ही गोष्टी लागतात. त्या प्रदेशात पाऊस व बर्फ मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे ऑगस्टमधला ओढा हीच खरी कसोटी असते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की या माशांवर ताण येऊ लागतो.

रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पाणी उंचावरून खाली पडत असेल, तर या तिन्ही कामांच्या आधी ती मोरी बदलावी, कारण मासाच वर येऊ शकत नसेल तर वरच्या सुधारणेचा त्याला काहीच उपयोग नाही. वॉशिंग्टनमधील आदिवासी जमातींनी अशा मोऱ्यांवरून राज्य सरकारविरुद्ध दीर्घ न्यायालयीन लढा दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते ४ विरुद्ध ४ अशी समान पडल्याने त्यांच्या बाजूचा निकाल कायम राहिला.

काठावरची लागवड हे तिन्हींपैकी सर्वांत स्वस्त आणि स्वयंसेवकांच्या हातून होणारे काम आहे. ओढ्याकाठची पट्टी लागवडीसाठी राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला १० ते १५ वर्षे वार्षिक भाडे देणारी सरकारी योजनाही आहे. मात्र सावली पाणी थंड करत नाही, ती पाण्याला तापू देत नाही, आणि पात्रावर पुरेशी सावली यायला दहा वर्षे तरी सहज लागतात. तोवर हरणे आणि उंदरांसारखे प्राणी रोपे खातात, तर हिमालयन ब्लॅकबेरी रोपांना झाकून टाकते. (नावात हिमालय असला तरी ही झुडपे मूळची आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची.) याहून मोठी अडचण म्हणजे पात्र खचून खोल घळीत गेले असेल, तर काठाखालचे भूजलही त्याच्याबरोबर खाली जाते आणि वाळुंज किंवा कॉटनवूडच्या कोवळ्या मुळांना ते सापडत नाही. अशा काठावर उत्साहाने लावलेली शेकडो रोपे दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेलेली पाहणे फार क्लेशदायक असते.

ओंडक्यांचा मार्ग एका जुन्या चुकीची दुरुस्ती करणारा आहे. १९५० ते १९७० च्या दशकांत सरकारी खात्यांनीच, लाकडाचे ढीग माशांची वाट अडवतात या समजुतीने, कितीतरी ओढे साफ केले; त्याबरोबर ओंडक्यांमागे साठणारी खडी आणि त्यांच्या कडेने खोदले जाणारे डोहही गेले. आता तेच लाकूड मुळांसकट परत बसवले जाते. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेकडील, जंगलातून वाहणाऱ्या आणि खडी वाहून आणणाऱ्या प्रवाहांत हा उपाय मला सर्वांत योग्य वाटतो. परंतु त्याला अभियंता आणि यंत्रे लागतात, दुर्गम जागी हेलिकॉप्टरही लागते, आणि खाली जवळच पूल असेल तर सुटलेला ओंडका तिथे जाऊन अडकण्याचा धोका विचारात घ्यावाच लागतो.

तिसऱ्या मार्गाचे सर्वांत चांगले उदाहरण मध्य ओरेगॉनमध्ये जॉन डे नदीला मिळणाऱ्या ब्रिज क्रीकचे आहे. कोरड्या मुलखातला हा ओढा खोल घळीत उतरला होता आणि तिथले बीव्हर बांधत असलेले बांध पुराच्या पाण्याने वारंवार फुटत होते. २००९ पासून तिथे पात्रात लाकडी खांब ठोकून त्यांत वाळुंजाच्या फांद्या विणण्यात आल्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला यावरून वनराई बंधारा आठवेल, पण उद्देश वेगळा आहे : हा बांध पाझरावा, त्यामागे गाळ साठावा, त्याने पाणी काठावर पसरवावे आणि शेवटी बीव्हरने तो आपला मानून डागडुजी करावी, अशी अपेक्षा असते. जवळच्या, बांध न घातलेल्या ओढ्याशी तुलना केली तेव्हा ब्रिज क्रीकमध्ये स्टीलहेडच्या पिल्लांचे जगण्याचे प्रमाण ५२ टक्क्यांनी आणि एकूण उत्पादन १७५ टक्क्यांनी वाढलेले आढळले; माशांच्या वर-खाली जाण्यात अडथळा आला नाही. साचलेले पाणी तापेल ही भीतीही तिथे खरी ठरली नाही, उलट दिवस-रात्रीच्या तापमानातले चढउतार सौम्य झाले, कारण पाणी जमिनीत मुरून पुढे थंड होऊन बाहेर येऊ लागले.

या मार्गाचे तोटे लहान नाहीत. पहिली काही वर्षे दर हंगामानंतर बांध पाहून दुरुस्त करावे लागतात, बीव्हर शेजारची नवी झाडे तोडतो, आणि पाणी पसरते तेव्हा ते मालकीची हद्द पाहत नाही. जमिनीची पट्टी अरुंद असेल किंवा काठालगत घर, विहीर अथवा रस्ता असेल, तर हा मार्ग घेऊ नये.

निर्णय घेण्यापूर्वी ऑगस्टमध्ये काठापासून चार-पाच पावलांवर एक खड्डा खणून पाहावा. हातभर खोलीत ओल लागली, तर कुंपण आणि लागवडीपासूनच सुरुवात करावी. पात्रात डोह व खडी कमी असून प्रवाह जोरदार असेल, तर पैसा ओंडक्यांसाठी राखावा. कंबरभर खणूनही माती कोरडीच राहिली, तर आधी बांध घालावेत आणि ओल वर आल्यावर त्या ओलीच्या कडेने वाळुंजाच्या काड्या रोवाव्यात. पात्रातल्या कामाला परवाना लागतो आणि खडीत अंडी नसतील अशा ठरावीक काळातच, बहुधा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, ते करता येते. म्हणून अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा आणि त्याच वेळी वरच्या व खालच्या जमीनमालकांना पाणी कुठवर पसरू शकते ते नकाशावर दाखवून त्यांची लेखी संमती घ्यावी.