सिनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम: व्याज 8.2 टक्के, सह्या दोन

आमचे हे जून 2024 मध्ये चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झाले. फंड-ग्रॅच्युइटीतले 20 लाख सरकारच्या सिनिअर सिटिझन बचत योजनेत टाकायचे, हे त्यांनी परस्पर ठरवलं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात पैशाचं सगळं असंच, परस्पर. किराणा, दूध आणि माझी ब्लाऊजची शिलाई माझ्याकडे. बाकीचं कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात.

आधी आमच्या नेहमीच्या बँकेत गेलो. जॉइंट म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने माझं वय विचारलं आणि "मॅडम छप्पन्नच्या आहेत, नाव नाही बसणार" म्हणून मोकळा झाला. साफ चूक. पहिला खातेदार साठीचा हवा, नोकरीतून निवृत्त झालेला असेल तर पंचावन्नच्या पुढचाही चालतो. दुसरं नाव फक्त नवऱ्याचं किंवा बायकोचंच चालतं आणि त्याला वयाची अट नाही. मग पोस्टात गेलो, तिथल्या बाईंनी हे सांगितलं. हे म्हणाले, "राहू दे, तुला नॉमिनी करतो." म्हटलं, "अहो, आलेच आहे तर सही करते."

घोडं अडलं पॅनवर. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दुरुस्तीसाठी लग्नाचा दाखला हवा होता आणि तो त्या कुलपातल्या कप्प्यात होता. ह्यांनी सगळा कप्पा पलंगावर उपडा केला. दाखला सापडायच्या आधी पतसंस्थेच्या दोन पावत्या निघाल्या, ज्या मला ठाऊकच नव्हत्या. एका विमा पॉलिसीवर वारस म्हणून सासूबाई. त्या 2011 मध्येच गेल्या. आणि मित्राला दिलेल्या 65,000 ची चिठ्ठी. हे काही बोलायच्या आत मलाच राहवलं नाही, भिशी आणि आरडी मिळून माझे 1,12,000 सांगून टाकले. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या रात्री शंभर पानी वहीत सगळं उतरवलं. घरखर्च ह्यांच्या अंदाजाने 18,000. औषधं, गॅस, लाइटबिल, सोसायटीचा मेंटेनन्स धरून निघाला 31,000.

आता योजनेचं. ऑगस्टमध्ये खातं उघडलं. खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाच वर्षं तोच राहतो, पुढे दर उतरला तरी. 20 लाखांवर दर तिमाहीला 41,000. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या सुरुवातीला. पहिल्या ऑक्टोबरला कमी आले तेव्हा मी घाबरले होते, पण ते मधल्याच दिवसांचं व्याज होतं. महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर पडतात. त्यात ह्यांची ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन 3,200. म्हणजे शिलाई मशीन एवढ्यात बंद होत नाही!

खटकलेल्या गोष्टीही आहेत. व्याज खात्यात तसंच राहू दिलं तर त्यावर या योजनेचं व्याज चढत नाही, उचलून दुसरीकडे टाकावं लागतं. व्याजावर कर आहेच. वर्षाच्या आत मोडलं तर व्याज शून्य, दुसऱ्या वर्षात मोडलं तर मुदलातून दीड टक्का जातो. मर्यादा 30 लाखांची, आणि जॉइंट केलं म्हणून ती दुप्पट होत नाही. सगळी रक्कम पहिल्या नावावरच धरतात. मला सर्वांत बोचलं ते वेगळंच. ह्यांना उद्या काही झालं तर खातं मला मुदतीपर्यंत चालवता येईल, पण तेव्हा मी योजनेच्या वयात बसत असले तरच. नाहीतर त्या दिवसापासून पोस्टाच्या साध्या बचत खात्याचा दर. सही चालते, फोटो चालतो, पण साठीला चार वर्षं कमी. फॉर्म भरताना हे कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

तरीही योजनेला पाचपैकी चार गुण देईन. बायको साठीची असेल तर साडेचार.

पतसंस्थेच्या पावत्यांवर आता माझं नाव लागलंय. मित्राचे 65,000 अजून यायचेत. वही आणि पासबुक मशीनच्या खणात असतं, परवा ह्यांनी विचारलं, "अगं, जानेवारीचं व्याज जमा झालं का?"