काळी सायकल ओव्हरऑइल करावी की गिअरची घ्यावी?

"मामा, तुझ्याकडची ती काळी सायकल पडूनच असते ना? मी नेऊ? की सरळ गिअरची घेऊ?" पुण्यात बावधनला राहणाऱ्या भाच्याने एप्रिलमध्ये फोन करून विचारलं. त्याचं ऑफिस डेक्कनला. गाडीच्या पेट्रोलला आणि त्याहून जास्त पार्किंग शोधण्याला तो वैतागला होता.

पडून वगैरे काही नसते ती. माझ्याकडे दोन सायकली आहेत. एक ही काळी, वडिलांची २२ इंची फ्रेमची ॲटलस, दांड्याच्या ब्रेकची. दुसरी सहा वर्षांपूर्वी घेतलेली २१ गिअरची हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली. नारायण पेठेतून स्टेशनपर्यंत मी दोन्हींवर जातो, पाऊस आणि सामान बघून. त्यामुळे "ही घे" असं एका वाक्यात सांगता येईना. त्याला जे सांगितलं ते, आणि फोनवर राहून गेलं तेही, इथे लिहून ठेवतोय.

आधी दात मोजा

काळ्या सायकलीला एकच गिअर. आपल्याकडे तो बहुतेक पुढे ४४ दात आणि मागे १८ असा येतो. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी वीसच्या आसपास वेग. सपाटीवर मजा येते. पण चढ लागला आणि मागे डबा, लॅपटॉप, वर भाजीची पिशवी असली, की सीटवरून उठून उभ्याने मारावी लागते.

यावर एक स्वस्त इलाज आहे आणि फार कमी लोक तो करून घेतात: मागचं १८ दातांचं फ्रीव्हील काढून २२ चं बसवायचं. चेनला बहुतेक एखादी कडी वाढवावी लागते. काम अर्ध्या तासाचं, खर्च हॉटेलातल्या दोन थाळ्यांइतका. आता एका फेऱ्याला साडेचार मीटरच, म्हणजे त्याच लयीत ताशी सोळा. पेठांतल्या रहदारीत सोळाच्या वर जातो कोण? मी हे चार वर्षांपूर्वी केलं आणि आधी का केलं नाही याची हळहळ वाटली.

मात्र भाच्याला रोज संध्याकाळी कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाचा चढ चढायचा. तिथे २२ चं फ्रीव्हीलही तोकडं पडतं. हायब्रिडला पुढचं लहान चक्र २८ दातांचं आणि मागचं मोठंही २८ चं असेल, तर पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा, सव्वादोन मीटरपेक्षा थोडं कमी. वेग उरतो ताशी आठ, पण माणूस बसल्या बसल्या, न धापता वर पोचतो. २१ पैकी मी स्वतः सहा-सातच गिअर वापरतो. नवी घेणाऱ्याला पुढे एकच चक्र आणि मागे आठ अशी मिळाली तर ती बघावी. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा पुढचा डिरेलर आणि त्याची केबल या दोन कटकटी तेवढ्याच कमी. मागचं मोठं चक्र ३२-३४ दातांचं आहे ना, एवढं मोजून घ्यावं.

उतार आणि पाऊस

माझ्या मते निर्णय गिअरवर होत नाही, ब्रेकवर होतो. आणि दुकानात उन्हाळ्यात सायकल बघताना ब्रेककडे कोणी बघत नाही.

दांड्याचे ब्रेक केबलऐवजी लोखंडी दांड्यांनी रबरं वर ओढतात आणि ती रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे तारा जिथून निघतात त्या बाजूला, घासतात. रिम लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. कोरड्यात हे नीट चालतं. रिम ओली झाली की मात्र चाकाचे पहिले काही फेरे रबर फक्त पाणी पुसत बसतं, मग कुठे पकड येते. जुलैत मी काळी काढली तर दहा पावलं आधीपासून ब्रेक हलका धरून ठेवतो. सपाट पेठेत, बैलगाडीच्या वेगाने, हे निभावतं. चांदणी चौकातून पौड रस्त्याने उतरताना, मागे पीएमपीची बस असताना, निभावणार नाही. भाच्याला मी हेच पहिलं सांगितलं.

"मग काळीला दुसरे ब्रेक बसव ना," तो म्हणाला. बसवता येतात, पण नुसते ब्रेक आणून भागत नाही. त्या रिमची बाजू गोलसर असते, साध्या कॅलिपर ब्रेकच्या रबरांना टेकायला सपाट जागाच नाही. म्हणजे रिमा बदला, तारा नव्याने विणा, चाक धरणाऱ्या चिमट्याला ब्रेक बसतोय का बघा. एवढं करून जी सायकल तयार होते ती ना काळी राहते ना नवी, आणि खर्च नव्या साध्या सायकलीच्या जवळ जातो. मी तरी करणार नाही.

हायब्रिडमध्ये दोन पर्याय: रिमला दोन्ही बाजूंनी रबरं दाबणारे व्ही-ब्रेक, किंवा चाकाच्या मधोमध बसवलेली चकती पॅडने धरणारी डिस्क. ॲल्युमिनियमच्या रिमवर व्ही-ब्रेक पावसातही लोखंडापेक्षा कितीतरी बरे, रबरं कुठेही मिळतात, घरी बदलता येतात. त्रास दोन. खड्ड्यात आपटून चाकाला आउट आला, म्हणजे ते वाकडं फिरायला लागलं, की रबर रिमला घासायला लागतं. आणि पावसाळ्यात चिखलाची रेव रबरात रुतून रिमच कानशीसारखी खाते. केबलवाल्या डिस्कला आउटशी देणंघेणं नाही आणि रिमही झिजत नाही. रोज उतार असेल तर डिस्क घ्यावी.

डिस्कचा एक धडा मला महागात पडला. सायकल धुवायला दिली होती. पोराने हौसेने चेनवर स्प्रे मारला तो डिस्कवरही उडाला. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला तर गाढव रेकावं तसा आवाज, आणि सायकल थांबायचं नाव घेईना. डिस्क स्पिरिटने पुसली, पण पॅडमध्ये तेल मुरलं होतं, ते फेकून नवे घ्यावे लागले. तेव्हापासून तेलाची बाटली मी कोणाच्या हातात देत नाही.

कोपऱ्यावरचा माणूस

काळी सायकल मध्यंतरी पायडलच्या दर फेऱ्याला एकदा 'टक' करायला लागली. चेन बघितली, सीट बघितली, स्टँडसुद्धा दोरीने बांधून बघितला. कोपऱ्यावरच्या सायकल-दुरुस्तीवाल्या काकांनी क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, हाताने हलवून दाखवला: सूतभर ढिला. आत कॉटर पिन असते, पेन्सिलीहून किंचित जाड, एका अंगाने तासलेली पाचर. ती नट आवळून घट्ट होत नाही, ठोकूनच बसवावी लागते. नट असतो तो फक्त निसटू नये म्हणून. काकांनी क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा जमिनीला टेकवून उभा धरला आणि मग हातोडी मारली. ती नळी नसती तर प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर आणि वाटीवर बसला असता. नवी पिन बसली, टक बंद. "परवा परत आण, नट अजून अर्धा आटा घेईल," म्हणाले. घेतला.

काळ्या सायकलीचं असं आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, तरी माझं काही अडलं नाही. कॉटर पिन, छरे, कोन, वॉलट्यूब, ब्रेकचे दांडे यांची मापं वर्षानुवर्षं तीच, लुधियानाचा माल तालुक्याच्या गावीही मिळतो. पण हे काम येणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत, पोरं या धंद्यात नाहीत. घरापासून ढकलत नेता येईल इतक्या अंतरावर असा माणूस नसेल, तर काळीचा अर्धा फायदा गेला.

हायब्रिडचं दुखणं उलट. कामं अवघड नसतात, माहितीचे व्हिडिओ ढीगभर, एक ॲलन चाव्यांचा जुडगा असला की निम्मं घरी होतं. अडतं ते एखाद्या तुकड्यापाशी. मागचा डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तिला हँगर म्हणतात. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, म्हणजे सायकल पडली तर ती वाकावी, फ्रेम वाचावी. ऑफिसच्या स्टँडमध्ये कोणी शेजारची सायकल ओढून काढली आणि माझी उजव्या अंगावर पडली. हँगर वाकला, गिअर आपोआप उड्या मारायला लागले. आकार प्रत्येक मॉडेलचा वेगळा. दुकानाने "चार दिवसांत येईल" म्हणत तीन आठवडे झुलवलं. तेवढे दिवस काळीवरच गेलो. नवी सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

चेनचंही बघा. काळीची चेन कव्हरमध्ये असते, महिन्या-दीड महिन्याने चार थेंब तेल दिलं की तिची तक्रार नाही. हायब्रिडची उघडी. पावसात भिजली की त्याच संध्याकाळी फडक्याने पुसून तेल द्यायचं, जादा तेल परत पुसून घ्यायचं. झीज मोजायला शाळेतली लोखंडी पट्टी पुरते. नव्या चेनची एक पिन शून्यावर धरली की तिच्या पुढची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर येते. तेच अंतर १२ वर एक सोळांश इंच भरलं की चेन बदला. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर मागची चक्रंही बदलावी लागतील. काळीला हे मोजायची गरज मला कधी पडली नाही.

मोठी साफसफाई, म्हणजेच ओव्हरऑइल, मात्र दोन्हींची वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर. आमच्याकडे ती खंडेनवमीच्या आधी होते. चाकं खोलून जुनं ग्रीस काढायचं, छरे धुऊन नवं भरायचं, आउट काढायचे, म्हणजे दसऱ्याला झेंडूची माळ घालताना हात काळे होत नाहीत.

लावालावी

काळीला सगळं जन्मतः आलेलं असतं: मडगार्ड, कॅरिअर, डबल स्टँड, चेनकव्हर, घंटी. फक्त दिवा बदलावा. डायनामोने चढावर पाय जड होतात आणि सिग्नलला थांबलं की अंधार. पुढे-मागे चार्जिंगचे दिवे लावले की झालं.

हायब्रिड बहुतेक नागवी येते. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, दिवे, घंटी, कुलूप सगळं वेगळं घ्यायचं, आणि हा हिशेब किमतीच्या पाटीवर नसतो. डिस्कवाली घेत असाल तर फ्रेमला कॅरिअरसाठी आट्यांची भोकं आहेत का हे बोट घालून बघा. साधा कॅरिअर मागच्या डिस्कच्या कॅलिपरला, म्हणजे पॅड असलेल्या पकडीला, अडतो, पाय बाहेर वळवलेला लागतो. पुढे सस्पेन्शनचा मोह टाळा. स्वस्तातलं सस्पेन्शन वजन वाढवतं, दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतं आणि नीट मडगार्ड बसू देत नाही. चाकाला क्विक रिलीजची, म्हणजे नुसत्या हाताने उघडणारी, दांडी असेल तर साधे नट लावून घ्या. चाक चोरायला दहा सेकंद पुरतात.

टायरमध्ये एक फसगत नेहमीची. काळीचा टायर २८ बाय दीड इंच आणि हायब्रिडचा ७०० बाय ३८. जाडी एकच, दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. दोन्हींना दुकानदार "अठ्ठावीसचा" म्हणतात. पण रिमचा व्यास काळीचा ६३५ मिलिमीटर, हायब्रिडचा ६२२. एकाचा दुसऱ्याला बसत नाही. टायरवर ठशात छापलेला तो तीन आकडी नंबर वाचूनच पैसे द्या. हवेचंही तसंच: काळीच्या ट्यूबचा वॉल (व्हॉल्व्ह) जुन्या पद्धतीचा, पेट्रोलपंपाची नळी त्याला लागत नाही. हायब्रिडला मोटारसायकलसारखा वॉल मागून घ्या, पातळ फ्रेंच वॉल आला तर ॲडॅप्टर जवळ ठेवा.

वजन हा मुद्दा लिफ्ट नसलेल्यांसाठी. काळी विसेक किलोची, हायब्रिड चौदा-पंधराची. दुसऱ्या मजल्यावर रोज चढवून बघा म्हणजे कळेल. चोराला मात्र हायब्रिड आवडते. काळी मी मंडईबाहेर तासभर ठेवून येतो, तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

कोणी काय घ्यावं

रस्ता सपाट, अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत आणि दुरुस्ती करणारा जवळ असेल, तर घरातली काळी ओव्हरऑइल करून घ्या, २२ चं फ्रीव्हील टाका आणि नव्याचा विचार सोडा. सांगली-मिरजेच्या माणसाला मी हेच सांगेन. रत्नागिरीत राहणाऱ्याला चुकूनही सांगणार नाही. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर २२ इंची डबलबारच्या (वर दोन आडव्या दांड्यांच्या) नादी लागू नका, पाय टेकत नाहीत आणि सिग्नलला तोल जातो. घरात लेडीज सायकल असेल तर तीच हाच उपचार करून वापरा. रोज उतार-चढ आहे, पावसातही जायचंय, तर साध्या चिमट्याची, केबलच्या डिस्कची, कॅरिअरची भोकं असलेली हायब्रिड. बजेट ठरवताना लावालावीचे तीन-चार हजार आधीच बाजूला काढा.

भाच्याने मेमध्ये तशीच एक घेतली. हँगर मागायला विसरला, तो आता मागवलाय. काळी त्याला अजून हवी आहे, म्हणे रविवारी फक्त कर्वे रस्त्यावर चालवेन. मी म्हटलं, आधी येऊन दांड्याचे ब्रेक कसे आवळतात ते शिक, मग बोलू.