न्यूमोनियाची लस: दहावाली की तेरावाली?

मावसबहिणीचा प्रश्न: बाळाला दहा प्रकारांची पुण्याच्या सीरमची 'न्यूमोसिल' द्यावी, की तेरा प्रकारांची 'प्रिव्हनार १३'?

जंतू तोच, न्यूमोकोकस. त्याचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत, लस मोजकेच अडवते. तेरावालीत ३, ४ आणि १८सी हे प्रकार जादा. पण प्रकार ३ वर तिचा परिणाम तसा कमजोरच, त्यामुळे 'तीन जास्त' ऐकून भुलू नये.

खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांची लस आली. ते सात मागे हटले, आणि लसीत नसलेला १९ए मोकळ्या जागेत फोफावला, तोही अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. म्हणून २०१० मध्ये तेरावाली आली. तरीही एकूण गंभीर आजार कमीच झाला, हे विसरू नकोस. १९ए आता दोन्ही लशींत आहे.

खर्च? सरकारी केंद्रात न्यूमोकोकल लस मोफत: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने पूर्ण झाल्यावर. खासगीत तेरावालीचा एकेक डोस हजारांत, आणि डोस साधारण चार.

निरोगी बाळाला सरकारी केंद्रातली पुरे. प्लीहा नसलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळासाठी जास्त प्रकारांच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचार.