छाया मंत्रिमंडळ: खासदारांनी निवडायचं की नेत्यानं नेमायचं?

छाया मंत्रिमंडळ म्हणजे सरकारच्या एकेका मंत्र्यावर नजर ठेवणारी विरोधी पक्षाची फळी. ब्रिटनच्या मजूर पक्षानं विरोधात असताना ती ठरवायच्या दोन्ही रीती वापरून पाहिल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये १९ जागांसाठी ४९ खासदार उभे होते; प्रत्येक मतपत्रिकेवर किमान सहा महिलांना मत देणं सक्तीचं. इव्हेट कूपर २३२ मतं घेऊन पहिल्या आल्या. पण खातेवाटप नेत्याकडे, आणि तेव्हाचे पक्षनेते एड मिलिबँड यांनी अर्थखातं दिलं ॲलन जॉन्सन यांना! म्हणजे माणसं खासदारांची, खुर्च्या नेत्याच्या.

२०११ मध्ये ही निवडणूकच मोडीत निघाली. तेव्हापासून नेता थेट नेमतो. काम झटपट होतं, मतांची जुळवाजुळव टळते. तरी मला जुनी रीत बरी वाटते: सहकाऱ्यांच्या मतांवर आलेला माणूस नेत्यासमोर ‘नाही’ म्हणू शकतो. नेमलेल्याला मात्र पुढच्या फेरबदलाची धास्ती.