मॅनिटॉल २० टक्के, १०० मिली: मेंदूच्या सुजेवरची बाटली कितपत कामाची?

मिरजेत न्यूरो आयसीयूबाहेर नातेवाइकाच्या हातात जी चिठ्ठी पडते, तिच्यात ही बाटली बहुतेक वेळा असतेच. ‘मेंदूची सूज उतरवायचं औषध’ एवढंच त्याला सांगितलेलं असतं. औषध जुनं, स्वस्त आणि गुणी आहे. पण सगळीच सूज त्याने उतरत नाही.

डोक्याला मार लागला किंवा रक्तपुरवठा तुटला की पेशीची ऊर्जा संपते. सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो, सोडियम आत साचतं आणि त्यामागोमाग पाणी शिरतं. भिजत घातलेल्या तासगावच्या बेदाण्यासारखी पेशी टम्म फुगते. आधी फुगतात त्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी. रक्तवाहिनीला टेकलेल्या त्यांच्या टोकांवर अ‍ॅक्वापोरिन-४ ही पाण्याची दारं दाटीने असतात. दुसरी सूज पेशीबाहेरची: रक्तवाहिनीच गळू लागते आणि पाणी पेशींच्या मधल्या जागेत उतरतं. मेंदूविकृती-तज्ज्ञ क्लाट्झो यांनी १९६७ मध्ये हे दोन प्रकार वेगळे मांडले. गाठीभोवतीच्या दुसऱ्या सुजेला डेक्सा (डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड) छान लागू पडतं. डोक्याच्या मारात मात्र स्टेरॉईड नकोच. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरच्या २००४ च्या ‘क्रॅश’ या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू वाढले.

बाटलीत २० ग्रॅम मॅनिटॉल असतं. ते मेंदूतलं पाणी रक्तात ओढतं, पण रक्तवाहिनीची भिंत शाबूत असेल तिथूनच. म्हणजे काम होतं ते मुख्यतः धडधाकट भागावर. तिथलं पाणी कमी होऊन कवटीत थोडी जागा मोकळी होते. फुगलेल्या पेशीचा पंप काही सुरू होत नाही. ‘चार बाटल्या चढवल्या तरी शुद्ध नाही’ हा राग औषधावर काढण्यात अर्थ नाही.

डोस किलोला ०.२५ ते १ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला अर्ध्या ग्रॅमच्या हिशेबाने ३० ग्रॅम, म्हणजे दीड बाटली, २०-३० मिनिटांत. सरसकट ‘१०० मिली, आठ तासांनी’ लिहायची सवय वाईट. ९० किलोच्या गड्याला ते पुरतच नाही.

या बाटलीची एक उणी बाजू म्हणजे स्फटिक. वाई-महाबळेश्वरकडच्या थंडीत बाटलीच्या तळाशी पांढरे कण बसतात. बाटली गरम पाण्यात धरून, हलवत हलवत सगळं विरघळवायचं, अंगाच्या तापमानाला येऊ द्यायची, मगच लावायची. एक कण जरी उरला तरी बाटली बाद. सेट फिल्टरचाच हवा. त्याच नळीतून रक्त देऊ नये, लाल पेशींच्या गुठळ्या होतात.

आधी लघवीची नळी, मग बाटली. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) रोज. ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३२० च्या वर जाऊ नये, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सोडियम, साखर, युरियावरून काढलेल्या आकड्यात मॅनिटॉल धरलेलंच नसतं. मोजलेल्या आणि काढलेल्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक दिसला तर पुढची बाटली थांबवावी. किडनीवर बेतू शकतं.

हायवेवरच्या अपघाताचा पेशंट, पोटातही रक्तस्राव, बीपी ९० च्या खाली असेल तर ही बाटली नको. लघवीवाटे पाणी जाऊन बीपी आणखी पडतं आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. तिथे ३ टक्के सलाईन (नेहमीपेक्षा जास्त मिठाचं पाणी) बरं: पाणी तेही ओढतं, पण बीपी धरून ठेवतं.