आधी कांतिनफ्लास की आधी तिन तान?

मेक्सिकोचे जुने विनोदी चित्रपट बघायचे म्हटलं की दोन नावं पुढे येतात: 1940 चा ‘आई एस्ता एल देताये’ (म्हणजे ‘मेख तिथंच आहे’) आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी आलेला ‘एल रेय देल बार्रियो’, वस्तीचा राजा. दोन्ही कृष्णधवल, दोन्हींचे नायक फाटक्या खिशाचे. साम्य इथंच संपतं.

पहिल्यात कांतिनफ्लास, म्हणजे मारियो मोरेनो. मोलकरीण असलेल्या प्रेयसीकडे फुकट जेवायला आलेला हा उपटसुंभ मालकाच्या तावडीत सापडतो आणि मालकीण त्याला आपला हरवलेला भाऊ म्हणून खपवते. मग त्या भावाने टाकलेली बाई पोरांचं लेंढार घेऊन दारात! ती सारा गार्सिया. संशयी नवरा झालाय होआकीन पारदावे, आणि माझ्या मते घरातले प्रसंग तोच खाऊन जातो. पुढे कोर्ट. खून झालाय बॉबी नावाच्या गुंडाचा, आणि आपला गडी छातीठोकपणे कबुली देतोय बॉबी नावाच्या कुत्र्याला मारल्याची. शेवटी न्यायाधीश आणि वकीलही त्याच्यासारखंच असंबद्ध बरळू लागतात. पण त्याची खरी गंमत त्या बोलण्यातच आहे. खूप बोलायचं आणि काहीच सांगायचं नाही, या कलेला स्पॅनिशमध्ये ‘कांतिनफ्लेआर’ असं क्रियापदच रूढ झालं. सबटायटलं तिथं निम्म्या वाटेवर धापा टाकतात.

दुसऱ्यात तिन तान, म्हणजे हेर्मान वाल्देस. त्याचं तसं नाही. तो गातो, नाचतो, वेषांतर करून श्रीमंतांच्या घरात शिरतो. इटालियन गानगुरू बनून विनोदी अभिनेत्री व्हितोलाला गाणं शिकवतो तो प्रसंग तर आवाज बंद करून बघितला तरी हसवेल (पण बंद करू नका). सोबत जुना जोडीदार मार्सेलो, तरुण सिल्विया पिनाल आणि टोळीत सख्खा भाऊ रामोन, पुढे ‘एल चावो’ या टीव्ही मालिकेतला ‘डॉन रामोन’. कथा मात्र विरविरीत आहे; एका गमतीतून दुसरीत उडी, बस्स. पहिल्याची घट्ट वीण इथं शोधू नका.

सबटायटलांवर विसंबून असाल तर सुरुवात तिन तानपासून करा. कांतिनफ्लास स्पॅनिश शिकलेलं कुणी शेजारी बसलं असेल त्या दिवशी लावा, आणि मधेमधे थांबवून विचारायची लाज बाळगू नका.